नेम चुकून

'नेम चुकून' हे दोन शब्द वाचले आणि नेमाजींनी चष्मा काढून टेबलावर आपटला.

सभागृहामागच्या त्या खोलीत तिघंच होते: नेमाजी, त्यांची बायको आणि मंत्र्यांचा सचिव. बाहेर एकेकाळच्या शत्रूच्या गावातली माणसं खुर्च्या सरकवत बसत होती. नदी ओलांडली की परका देश, पण भाषा तीच आणि शिव्याही त्याच. युद्धानंतर पहिल्यांदाच नेमाजींच्या देशाचा मंत्री इथं आला होता. त्याच्या भाषणानंतर तोफखान्यातला एक जुना सैनिक म्हणून नेमाजींनी चार ओळी वाचायच्या, असं ठरलं होतं. सचिवानं त्या लिहूनच आणल्या होत्या. 'त्या दुर्दैवी सकाळी नेम चुकून काही गोळे बाजारात पडले. त्यात जीवितहानी झाली. याबद्दल आम्हाला खेद आहे.'

आता नेमाजी हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते तुकडीनं ठेवलेलं. ज्या झाडाकडे बोट दाखवाल त्याच झाडावर गोळा, शेजारच्या झाडाचं पान हलायचं नाही, अशी त्यांची ख्याती. त्या एका नावावर माणूस म्हातारा झाला. आणि कालपरवा मिसरूड फुटलेला हा सचिव त्यांच्याच तोंडून वदवून घेणार, की नेम चुकला!

सचिवानं समजूत घालायला सुरुवात केली. सरकारनं बराच खल करून हे शब्द ठरवले होते म्हणे. 'माफी' म्हटलं तर घरी विरोधक सालटी काढतील, 'खेद' म्हटलं की सापही मरतो आणि काठीही मोडत नाही. खरं तर माफी नेमाजींनाही नकोच होती. येताना गाडीत तोफखान्यातले दोस्त तेच म्हणत होते, की त्यांनी काय आपल्यावर फुलं टाकली होती का, आधी त्यांनी मागावी. नेमाजींनी मान डोलावली होती. देशानं कुणापुढं नाक घासू नये, घासलं की तुकडीचं नाव मातीत गेलं, असं ते आयुष्यभर म्हणत आले होते. पण हे तर त्याहून वाईट. हे म्हणजे तुकडीला आंधळी ठरवणं झालं.

"बाजारावरच मारा करायचा हुकूम होता," ते म्हणाले. "बाजार भरलेला आहे, हे मला दुर्बिणीतून दिसत होतं. बायकामाणसं दिसत होती. मी नेम धरला आणि बाजारच उडवला. बाहेरही हेच सांगणार."

सचिवाचा चेहरा पडला. त्यानं आशेनं बायकोकडं पाहिलं, की बाई, तुम्ही तरी सांगा यांना. पण त्यानं चुकीच्या बाईकडं पाहिलं. घरात कुणी 'बशी फुटली' म्हटलं, तर 'आपोआप नाही फुटली, फोडली म्हण' असं ठणकावणारी ती बाई. बाजाराची गोष्ट मात्र ती आज पहिल्यांदा ऐकत होती. ती नवऱ्याकडं वळली.

"तुमचे दोस्त पुन्हा तोंड बघायचे नाहीत तुमचं," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"मग ते वरचं बटण लावा. आणि कागद इथंच ठेवा."

बाहेर मंत्र्यांचं भाषण संपत आलं होतं. त्या भाषणात सगळं आपोआप घडलं होतं. युद्ध पेटलं, गोळे पडले, माणसं गेली. कुणी काही केलंच नव्हतं. लोकांनी पाहुण्याचा मान म्हणून टाळ्या वाजवल्या. मग नेमाजी माइकपुढं आले. पुढच्या रांगेतून दोस्तांनी त्यांच्याकडं अभिमानानं पाहिलं.

"माझ्या तुकडीसारखी तुकडी आमच्या सैन्यात नव्हती," ते म्हणाले. "आमचा नेम चुकत नसे. त्या सकाळीही चुकला नाही. बाजार आम्ही मारला. माणसं दिसत असताना मारला. ती चूक नव्हती, तो गुन्हा होता, आणि तो आम्ही केला. मी माफी मागतो. माझ्या तुकडीच्या वतीनं मागतो, आणि सरकारची जीभ उचलत नसेल तर देशाच्या वतीनंही मागतो."

पुढच्या रांगेतला त्यांचा सगळ्यात जुना दोस्त उठला आणि मागं न बघता चालता झाला. बाकीचे आपापल्या बुटांकडं पाहत राहिले. मंत्री सचिवाला शोधत होते. बायको आतून आली, सगळ्या सभेच्या देखत पुढच्या रांगेपर्यंत चालत गेली आणि दोस्ताच्या रिकाम्या खुर्चीवर बसली. नेमाजींचा ऊर भरून आला. पदक मिळालं तेव्हाही इतका भरला नव्हता.

मागच्या बाजूला एक म्हातारी उभी राहिली. तिला माइक द्यायला कुणीतरी धावलं, तिनं तो हातानंच बाजूला केला.

"माझी बहीण होती त्या बाजारात," ती म्हणाली. "तुमचे म्हणाले गोळा चुकून पडला, आमचेही म्हणाले चुकूनच पडला. मग मी बोल तरी कुणाला लावणार? देवाला शिव्या घातल्या. नशिबाला घातल्या. बहिणीलासुद्धा घातल्या, की मेली त्याच दिवशी बाजारात तडफडली कशाला. आज कळलं, कुणाला घालायच्या होत्या ते."



"घाला," नेमाजी म्हणाले, आणि टाचा जुळवून ताठ उभे राहिले.