परवलीचा शब्द

"कोणीही कोणाच्याही नावाने मेसेज करतं हल्ली. अगदी माझ्या फोनवरून आला, तरी आधी आपला परवलीचा शब्द विचारायचा," असं आईने लेकीला बजावून ठेवलं होतं.

"मलाही सांगा की तो शब्द," बाबा म्हणाले होते.

"तुमच्या पोटात काही राहतं का?" बायको म्हणाली, आणि मायलेकी खिदळल्या होत्या.

आज हॉस्पिटलमध्ये नर्सने बायकोच्या चेहऱ्यावर चादर ओढली, तेव्हा बाबा खाटेखालच्या तिच्या चपला बघत बसले होते. त्यांच्या फोनची बॅटरी कधीच संपली होती. त्यांनी बायकोच्या फोनवरून घरी एकट्या असलेल्या लेकीला मेसेज केला, "गाडी घेऊन एक काका येतायत. त्यांच्याबरोबर ये."

लगेच उत्तर आलं.



"आधी शब्द सांग, आई."