ओट्याजवळची फरशी

आमचं घर घेऊ पाहणाऱ्या ताईंनी तपासणीला आणलेले काका काठीने एकेक फरशी ठोकत होते. सौदा मोडावा म्हणून मी बाथरूममधली ओल, अडकणारी खिडकी, सगळं हौसेने दाखवलं. आई डोळे वटारत राहिली.

ओट्याजवळची फरशी घुमली. "पोकळ आहे. बदलावी लागेल," काका म्हणाले.

ही खोट मात्र मी दाखवली नव्हती. पोळ्या लाटता लाटता बाबांनी मला ढोलकी शिकवली, ती याच फरशीवर थापा मारायला लावून. "मनगट सैल सोड गं," म्हणायचे. ते गेल्यापासून तिथे कुणी बसलंच नव्हतं.

ताईंच्या चिमुरडीने तिथेच फतकल मारून दणादण थापा हाणल्या. "राहू दे हो ही अशीच," ताई हसून काकांना म्हणाल्या.

मी चिमुरडीशेजारी बसले. "मनगट सैल सोड गं."