ठिपके

"वाळू ओतलीस का गं फोटोवर?" गौतमीने माऊस फिरवत विचारलं आणि अख्खी कॉम्प्युटर रूम हसली.

तालुक्याच्या प्रदर्शनात शाळेचे तीनच फोटो जाणार होते. निवड नववीतल्या गौतमीकडे होती. सरच म्हणाले होते, हिला कॅमेऱ्यातलं कळतं. कळत होतंच! लग्नांचे फोटो काढणाऱ्या कौस्तुभदादाकडून ती दिवाळीच्या सुट्टीत सगळं शिकली होती. अंधारात कॅमेऱ्याचा आयएसओचा आकडा वाढवला की फोटो उजळतो, पण त्यावर ठिपके उठतात. ठिपके म्हणजे फोटो बाद. म्हणून ती प्रत्येक फोटो आधी शंभर टक्के मोठा करायची. मग स्क्रीनवर नुसता कान दिसायचा, नाहीतर शर्टाचं बटण. पूर्ण फोटो बघत बसायला वेळ कुणाला होता?

हा फोटो मेहविशचा होता. तिच्या अब्बांची, रफीकचाचांची, पौडच्या बाजारात पिठाची गिरणी. स्क्रीनवर काळोखाचा एक तुकडा होता आणि त्याच्या एका बाजूला पांढरे ठिपकेच ठिपके.

"सहा हजार चारशे आयएसओ ठेवलास ना? खरं सांग."

"दोनशेच होता," मेहविश म्हणाली.

"मग ठिपके काय आभाळातून पडले?"

"अगं, ते..."

"बाद!"

शाळेचा कॅमेरा एक, कार्ड एक. बाद झालेला फोटो लगेच डिलीट करायचा, हा गौतमीचाच नियम. तिने केला. मेहविश गुपचूप जागेवर जाऊन बसली.

आठवड्याने, क्रीडादिनाचे चारशे फोटो त्याच कार्डावर काढून झाल्यावर, गौतमी कॅमेऱ्याची वही भरायला बसली. प्रत्येकाने आपल्या फोटोची माहिती त्यात लिहायची असे. वरच्याच ओळीत मेहविशचं अक्षर होतं. 'गिरणी. अब्बा दळताना. आयएसओ २००, फ्लॅश मारून.'

फ्लॅश. गौतमीचं पेन थांबलं. आयएसओचे ठिपके अंधाऱ्या कोपऱ्यात जास्त दिसतात. त्या फोटोतला कोपरा तर काळाकुट्ट, स्वच्छ होता. ठिपके होते ते एकाच बाजूला, धुरासारखे वर चढत गेलेले.

ते पीठ होतं. हवेत उडालेलं, फ्लॅशमध्ये चमकलेलं पीठ. तिचे कान गरम झाले.

शाळा सुटल्यावर ती कॅमेरा घेऊन थेट गिरणीत गेली. माफी मागायची, फोटो पुन्हा काढायचा आणि तोच सगळ्यात वर लावायचा, असं तिने वाटेत ठरवूनही टाकलं होतं.

गिरणीत आवाज नव्हता. पट्टा नव्हता. चक्कीच्या जागी फरशीतून चार बोल्ट वर आलेले होते. रफीकचाचा फरशी धूत होते. मेहविश पाणी ओतत होती.

"दळण आणलंस व्हय, बाळ? आता घोटावड्याला न्यावं लागंल. मालकानं जागा इकली. मशीन परवा गेली."

गौतमीने हातातला कॅमेरा पुढे केला.

"आमच्या मेहविशनं शेवटच्या दळणाचा फोटो काढलाय बघ," चाचा हसले. "तीस वर्सं हितं उभा हाय मी, पर गिरणीत कुणी कधी फोटो काढला न्हाई. लई झाक आलाय म्हणं. प्रदर्शनात लागणार न्हवं?"

गौतमीने मेहविशकडे पाहिलं. मेहविश बादलीत बघत होती. तिने घरी काहीच सांगितलं नव्हतं.

गौतमी कॅमेऱ्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिली.

"तू बी काढ की एक," म्हणत चाचांनी ओले हात शर्टाला पुसले, केसांवरून फिरवले आणि ते त्या चार बोल्टांशेजारी ताठ उभे राहिले.

तिने आयएसओ दोनशेवर ठेवला. फ्लॅश लावला. बटण दाबलं. मग सवयीने फोटो शंभर टक्के मोठा करून इकडून तिकडे सरकवला.

एकही ठिपका नव्हता.