वाया जाणारं मत

लीड्सजवळच्या एका गावात कौन्सिलची निवडणूक होती. म्हाताऱ्यांचं डे सेंटर बंद करायला सत्ताधारी निघाले, म्हणून जयंतरावांच्या मित्राची मुलगी कस्तुरी अपक्ष उभी राहिली. "आमच्या घरची चारही मतं तुलाच," असा शब्द जयंतरावांनी तिला दिला.

मतदानाच्या सकाळी मात्र त्यांनी कच खाल्ली. बायको, मुलगा, सून यांना बसवून ते म्हणाले, "कस्तुरी काही निवडून येत नाही. मतं फुटली, तर 'परक्यांना हाकला' म्हणणारे येतील. मन मारून सत्ताधाऱ्यांनाच द्या."

"पण बाबा, आपण शब्द दिलाय ना?" सुनेने विचारलं.

"मत वाया घालवायचं नसतं."

चौघांनी तसंच केलं.

निकाल लागला. हाकलणारे पार तळाला गेले. कस्तुरी तीन मतांनी पडली.

त्याच संध्याकाळी ती पेढे घेऊन आली आणि जयंतरावांच्या पाया पडली. तिचं मराठी लीड्समध्येच वाढलेलं. "काका, तुमचा घराचा चार मत नसता, तर मी इतका जवळ पण नसती आली. थँक यू."

"अगं, तू आमचीच," जयंतराव म्हणाले. सुनेकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही.