गुणाजीच्या साखरेचा आकडा

आकडा याही रविवारी वरच होता. दुर्गाने यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं आणि मग बापाकडे बघितलं.

"बाबा, गोड कोण देतं तुम्हाला?"

"नाय गं खाल्लं," गुणाजी म्हणाला. "आईला विचार."

शेवंतीने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला होता. तिने नुसती मान हलवली.

यंत्र दुर्गाचं स्वतःचं. त्यातल्या पट्टीवर निकेलचे कण होते, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. रक्तातली साखर त्यांच्यावर जळते आणि वीज वाहते; साखर जास्त, तर वीज जास्त. तिची डॉक्टरेट याच पट्टीवर उभी होती. तिचे मार्गदर्शक सर म्हणायचे, रक्तात साखरेशिवायही पुष्कळ काही जळतं, पट्टी फसेल. दुर्गा कसली ऐकते! बापाला साखर निघालीच होती. ती राहायची माटुंग्याच्या हॉस्टेलवर, म्हणून यंत्र लालबागच्या खोलीत ठेवलं आणि रोज सकाळी थेंब कसा घ्यायचा ते आईला शिकवलं. रविवारी येऊन ती आकडे बघायची.

गुणाजी गिरणीत मागावर होता. कायम होण्याआधी त्याने बरीच वर्षं बदलीवर काढली. कायमवाला आला नाही की त्याच्या मागावर उभं राहायचं. कापड कायमवाल्याच्याच नावावर जायचं. माग रिकामा राहता कामा नये, एवढंच. कसाबसा कायम झाला आणि संप आला. पुढे भायखळ्याच्या मंडईत हातगाडी ओढली, तीही पार म्हातारा होईपर्यंत. लहानपणी तो गाल कुरवाळायचा तेव्हा दुर्गाला ओरखडे उठायचे.

गोडावर त्याचा भारी जीव. दुर्गाने चहातली साखर तोडली, भात तोडला. गणपतीत तर चारचौघांसमोर हातातला मोदक काढून घेतला. वाया कशाला घालवायचा म्हणून तो शेवंतीने खाल्ला. तरी आकडा चढताच. दुर्गाने बापाला तोंडावर खोटारडा म्हटलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरला आकडे दाखवून गोळ्या वाढवून घेतल्या, मग आणखी वाढवल्या. गुणाजी मुकाट गिळायचा. पोरीच्या यंत्राला खोटं कसं म्हणायचं?

एका सकाळी तो चाळीच्या नळावर कोसळला. परळच्या इस्पितळात नेलं, पण उठला नाही. साखर पार तळाला गेली होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इतक्या गोळ्या कुणी चालू ठेवल्या? त्याच सकाळी यंत्राने आकडा वरचा दाखवला होता.

तेरावं झालं. दुर्गाने उरलेल्या पट्ट्या उचलल्या आणि कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. आता ना डॉक्टरेट, ना काही. तिला स्वतःची शिसारी आली होती.

"सर खरं सांगत होते, आई. माझ्या पट्टीने बाबांना मारलं."

शेवंतीने तांब्या रिकामा केला, परत भरून घेतला. पायाच्या अंगठ्यावरची चिंधी महिनाभर सुटली नव्हती. तो पाय लांब करून ती भिंतीला टेकली.

"पट्टीला कशाला बोल लावतेस? ह्यांच्या बोटात सुई कुठे शिरत होती! हेच म्हणाले, यंत्र रिकामं ठेवू नको, पोरीची डिग्री आहे. रोज बदलीवर मीच उभी राहायचे."