चार बोटं अंतर

बाबांनी घडवलेली मूर्ती पिकअपमागं ट्रेलर जोडून पेणहून रोह्याला न्यायची होती. "ट्रेलरची दांडी हातभर वाढव, रितेश. पिकअपचा मागला फाळका पाडलास तर मूर्तीला लागंल," बाबा आदल्या दिवशीच बोलले होते. मी रिकामा ट्रेलर जोडून बघितला. फाळका पाडला तरी ट्रेलरपासून चार बोटं अंतर राहत होतं, म्हणून दांडी होती तशीच ठेवली. बाप्पाचा आशीर्वादाचा हात पुढं येतो, हे डोक्यातच आलं नाय.

नागोठण्याला बाबा केबिनमध्ये झोपलेले. पाण्याचा कॅन काढायला मी फाळका पाडला आणि आशीर्वादाची दोन बोटं तुटली. मी फाळका लावला, गाडी काढली. बाबांना काय बोललो नाय.

रोह्याला मंडळाची पोरं भडकली. बाबा पुढं झाले. "माझाच जोड कच्चा ऱ्हायला. हात कापतात आता."

"मग काळुरामदादा, पुढल्या वर्षी आमी दुसरीकडं बघतो," अध्यक्ष म्हणाले. मी ट्रेलरच्या दोऱ्या गुंडाळायला लागलो.

निघताना फाळक्याला लागलेला गुलाबी रंग पुसायला मी गुपचूप मागं गेलो.


फाळका स्वच्छ होता, आणि बाबांच्या खांद्यावरच्या पंच्याचं टोक गुलाबी झालं होतं.