यंत्र आता निजत नाही

"दोन्ही खोल्यांची वायर एकच आहे, ताई. पलीकडे त्यांनी काही लावलं, की तुम्हाला इकडे कळेल," वायरमन चिंधा स्टुलावरून उतरत म्हणाला होता. "मालकाला सांगून वेगळी ओढून घ्या."

पुष्पाने मान हलवली आणि विसरून गेली. मालक भिंतीत खिळा ठोकू देत नव्हता, वायर कुठली ओढू देणार? शिवाय पलीकडे धुरपदाअक्का. एकटा जीव. लावून लावून काय लावणार?

पुढे नवऱ्याने, लोटनने, नरडाण्याच्या कारखान्यातून मोडीत निघालेला कॉम्प्युटर देवपुरातल्या त्या खोलीत आणला आणि पुष्पाने घरी टायपिंग सुरू केलं. पण प्रेसवाल्याचं मराठी अक्षरांचं नवं सॉफ्टवेअर त्या जुन्या यंत्राला पेलेना. म्हणून दुरुस्तीवाल्या अभिमनने त्याच पेटीत नवा बोर्ड बसवला. मग जुनी मेमरी नव्या बोर्डाच्या खाचेत बसेना. ती बदलली, तर बोर्ड हार्ड डिस्कला ओळख दाखवेना. तेही कसंबसं जमलं. आणि यंत्र मधेच बंद पडायला लागलं.

ऊन चढलं की एकदा, दिवेलागणीला एकदा. पंखा क्षणभर दमल्यासारखा व्हायचा, पडदा काळा, आणि टाइप करत आणलेलं पान गेलेलं.

"उन्हाने होतं," अभिमन म्हणाला. "धुळ्याचा मे महिना, ताई. इथे माणसं बंद पडतात, हा तर पत्रा आहे."

"मग दिवेलागणीला का?"

"दिवसभराची गरमी साठते ना."

तो यायचा भर दुपारी, दुकान जेवणासाठी बंद केलं की. तेव्हा यंत्र शहाण्या लेकरासारखं चालायचं. त्याने मीटर लावून बघितला तर लाइनही बरोबर.

पुष्पाला हसू येत नव्हतं. जळगावला एका पतसंस्थेत नोकरी चालून आली होती. सासूबाई म्हणत होत्या, "धरून टाक. पोर ठेव माझ्याकडे गावी." पोर अजून वर्षाचीही नव्हती. झोपेतसुद्धा आईचा पदर चाचपून बघायची. प्रेसने एका कॉलेजचा वार्षिकांक दिला होता. तो वेळेवर गेला तर कायमचं काम. नाहीतर जळगाव.

पडदा काळा झाला की थोड्या वेळाने धुरपदाअक्का मऊ भाताची वाटी पदराखाली धरून दारात यायच्या.

"तुनं यंत्र परत निजनं का वं?"

"निजलं, अक्का."

"निजू दे. मन्हा नवरा बी असाच व्हता. कामनं नाव काढं का निजे." त्या वाटी पुढे करायच्या. "खावाड पोरले. लाइटनी शेगडीवर रांधेल शे, रॉकेलना वास नही."

सावद्याला लेकीकडे चार दिवस जाऊन येते, असं त्या होळीपासून म्हणत होत्या. पोर भिंतीवर वाटी आपटायची, की पलीकडून त्या पळी वाजवायच्या. दोघींचा तो खेळच होता.

शेवटी अभिमन नवा पॉवर सप्लाय घेऊन आला. "बोर्ड नवा आणि त्याला वीज देणारा डबा जुना. दम पुरत नाही त्याचा. हा बसवला की झालं."

पोर कुरकुरत होती. पुष्पा खोलीतल्या कापडी पडद्यामागे तिला थोपटत राहिली. बाहेर स्क्रू फिरत होते, पत्रा वाजत होता. मग दबका आवाज आला, "ताई, चालू करून ठेवलंय. येतो परत." दार लोटलं गेलं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं, यंत्र चाललं. दिवे लागले, तरी चाललं. पुष्पा आधी श्वास धरून बसायची. मग तेही विसरली. पानामागून पान सरकत होतं.

पोर रांगत भिंतीशी जाऊन वाटी आपटायची.

"अक्का सावद्याला गेल्या गं," पुष्पा नजर न हलवता म्हणायची. न सांगता गेल्या, याचं थोडं लागलं होतं तिला. भात आता तीच मऊ शिजवत होती.

अंक वेळेवर गेला. प्रेसवाल्याने पुढचं पुस्तक हातात ठेवलं. लोटनने जळगावला नकार कळवला. त्या रात्री पुष्पा बऱ्याच दिवसांनी गाढ झोपली.

सकाळी अभिमन दारात आला. काखेत खोका.

"घ्या, ताई. हा बसेल आता. लहान साइजचा मिळाला."

"काय?"

"पॉवर सप्लाय. त्या दिवशीचा बसलाच नाही. जुनी पेटी अरुंद, भोकं जुळेनात. जुनाच परत लावून गेलो. तुम्ही बाळाला निजवत होत्या, म्हणून बोललो नाही."

"पण यंत्र त्यानंतर एकदाही बंद पडलं नाही."

अभिमन हसला. "असं कसं होईल? बदललंय काय त्यात?"

पुष्पाने पंख्याकडे पाहिलं. तो एका लयीत फिरत होता. ऊन चढलं होतं. तिची नजर वायरीवरून सरकत भिंतीपर्यंत गेली, जिथे ती पलीकडे उतरत होती. चिंधा म्हणाला होता, त्यांनी काही लावलं की कळेल.

ती पोरीला कडेवर घेऊन ओट्यावर आली. धुरपदाअक्कांचं दार बंद होतं. बाहेरची कडी कुलपाशिवाय लोंबत होती. पोरीने हातातली वाटी दारावर आपटली आणि कान देऊन थांबली.

तुमच्याही भिंतीपलीकडे कुणी एकटं राहत असेल, तर हे पान मिटा आणि आधी एवढं बघून या, कुलूप बाहेरून आहे, की कडी आतून.